'साहेबांनी बोलावलंय' म्हणजे नेमकं काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या २४ वर्षांच्या भावाला काल संध्याकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. 'उद्या अकराला येऊन जा, साहेबांनी बोलावलंय,' एवढंच सांगितलं. कशासाठी, असं विचारलं तर 'आल्यावर कळेल' म्हणाले. तो काम करतो त्या गोदामात महिन्याभरापूर्वी चोरी झाली होती. वडील ६४ वर्षांचे आहेत, ते रात्रभर झोपले नाहीत. पोलीस असं अर्धवट का बोलतात? भावाने काय बोलावं, कशावर सही करावी? सोबत वकील नेला तर संशय वाढेल का?"

ताई, मी फौजदार म्हणून खात्यात लागलो आणि ३३ वर्षांनी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी ग्रामीण ठाण्यांत गेली, निम्मी शहरात. असे फोन मी शेकड्यांनी करायला लावले आहेत. त्यामुळे त्या फोनच्या पलीकडच्या टोकाला काय चालतं, तिथूनच सुरुवात करतो.

फोन करणारा बहुतेक वेळा ठाण्यातला हवालदार किंवा शिपाई असतो. तपासी अधिकाऱ्याने त्याच्या हातात चार नावं आणि चार नंबर दिलेले असतात. कोणाला कशासाठी बोलावलंय हे त्यालाही धड माहीत नसतं. 'आल्यावर कळेल' यात बऱ्याचदा धमकी नसते, त्याच्याकडे उत्तरच नसतं. दुसरं कारण सवयीचं आहे. कारण सांगितलं तर माणूस सावध होईल, येणारच नाही, ही समजूत आमच्या डोक्यात पहिल्या पोस्टिंगपासून मुरलेली असते. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला कारण सांगून बोलावलं तो ठरल्या वेळेला, कागदपत्रं घेऊन आला. ज्याला नुसतं 'ये' म्हटलं तो चार माणसं, एक नगरसेवक आणि रात्रभराचं जागरण घेऊन आला. मग पहिला अर्धा तास त्याची धडधड शांत करण्यातच गेला.

आता तुमच्या भावाने करायची पहिली गोष्ट. फोन आलेल्या ठाण्याचा अधिकृत नंबर शोधून तिथे फोन लावायचा आणि ठाणे अंमलदाराला शांतपणे विचारायचं: फोन कोणी केला होता, त्यांचं नाव आणि पद काय, गुन्हा रजिस्टर नंबर काय आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. लोक तो विचारत नाहीत, कारण तो विचारणं उर्मटपणाचं वाटेल अशी भीती असते. पण कायद्यात या दोन्हींचे रस्ते निरनिराळे आहेत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदाराला बोलावायचं तर तपासी अधिकाऱ्याने लेखी आदेश काढायचा असतो आणि तो माणूस त्याच ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतला असावा लागतो. स्त्रिया, १५ वर्षांखालचे मुलगे, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यायचा. म्हणजे उद्या कोणी तुमच्या वडिलांना 'तुम्ही पण या' म्हटलं, तर साक्षीदार म्हणून तसं बंधन त्यांच्यावर नाही. त्यांना हे आजच सांगा.

संशयित म्हणून बोलवायचं असेल आणि अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस देतात. पूर्वी हीच नोटीस जुन्या संहितेच्या कलम ४१-अ ची म्हणून ओळखली जायची. अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, अटक का हवी ते अधिकाऱ्याने कागदावर मांडायचं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. ती रीतसर हातात मिळाली पाहिजे. नोटीस मिळाली तर मात्र जायलाच हवं. न जाणं हेच पुढे अटकेचं कारण होऊ शकतं. आणि जो नोटिशीप्रमाणे हजर राहतो, त्याला अटक करायची तर कारणं नोंदवावी लागतात.

फोन म्हणजे नोटीस नव्हे. तरीही माझा सल्ला असा की फोन खरा ठरला तर भावाने जावं. 'लेखी द्या, मगच येतो' असं म्हणायचा त्याला हक्क आहे, पण गोदामातल्या कामगाराकडून पोलिसांना बहुधा हजेरी, चाव्या, गाड्यांची ये-जा हेच विचारायचं असतं. ते सांगून मोकळं झालेलं बरं. तिथे गेल्यावर सूर बदलला आणि प्रश्न 'तू कुठे होतास' वरून 'तूच केलंस ना' वर आले, तर त्याने नम्रपणे म्हणावं: साहेब, मला संशयित धरत असाल तर नोटीस द्या, मी वकिलांशी बोलून येतो.

प्रश्न कसे विचारले जातात, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या हद्दीत विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायचं सत्र सुरू होतं. शेतकऱ्याचं ऐन उन्हाळ्यात पीक जळायचं, गावकरी ठाण्यावर यायचे, वरून दबाव असायचा. तपास पथकाने एका पोराला आणलं. वय अठरा-एकोणीस. मी तावातावाने विचारलं, "अमक्याच्या मळ्यातली पाच एचपीची मोटार तूच काढलीस ना? रात्री दोनला? तांब्याची तार भंगारवाल्याला घातलीस ना?" पोरगं प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणालं. मी खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी शेतकरी मोटारीची पावती घेऊन आला. मोटार तीन एचपीची होती.

त्या पोराला मोटारीची काही माहिती नव्हती. त्याच्या 'हो' मध्ये सगळे शब्द माझे होते. पाच एचपी मी म्हटलं होतं, दोन वाजता मी म्हटलं होतं, भंगारवाला मी आणला होता. त्याला फक्त ती खोली सोडून घरी जायचं होतं. खरा चोर पुढे तीन महिन्यांनी दुसऱ्याच तालुक्यात सापडला. त्या पोराची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने मला बसायला पोतं टाकलं, पण ती एक शब्दही बोलली नाही.

त्यानंतर मी हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला एकच शिकवलं: तपशील तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका, त्याच्या तोंडून येऊ द्या. "त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंस ते सांग," इतकंच म्हणा आणि गप्प बसा. माणूस खरं बोलत असेल तर तो तुम्हाला ठाऊक नसलेल्या दहा गोष्टी सांगतो, आणि त्या पडताळता येतात. खोटं बोलत असेल तर त्याला प्रत्येक पायरीवर नवी वीट रचावी लागते, त्यात कुठेतरी फट पडते. आवाज चढवला की दोघंही एकसारखेच बोलतात. मग खरा कोण आणि खोटा कोण, हे ओळखायचं साधनच आपल्या हातातून जातं.

इंग्लंडला हा धडा फार महागात पडला. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांसाठी १९७५ साली सहा जणांना जन्मठेप झाली. पोलिसांनी मिळवलेल्या कबुल्यांचा त्यात मोठा वाटा होता. १९९१ मध्ये ते निर्दोष सुटले. अशा प्रकरणांनंतर तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धतच बदलली. कबुली काढणं हे उद्दिष्ट सोडलं आणि पूर्ण हकीकत मिळवणं हे उद्दिष्ट ठेवलं. आधी तयारी, मग समोरच्याला प्रक्रिया समजावणं, मग मोकळी हकीकत ऐकणं आणि त्यानंतर विसंगतीवर बोट ठेवणं, असा क्रम शिकवला जातो. संशयिताच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण तर १९८४ च्या कायद्यापासूनच त्यांच्याकडे रुजत गेलं होतं.

आपल्याकडे कायदा याबाबत मागे नाही, हे आवर्जून सांगतो. पोलिसाजवळ दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होतं. तेच आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. आरोपीने कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंधित तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणूनच पुष्कळ दोषारोपपत्रांत तुम्हाला निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने पंचांसमोर सांगितलेल्या माहितीची नोंद, दिसेल आणि त्यात "मी लपवून ठेवलेला मुद्देमाल काढून देतो, माझ्यासोबत चला" हे ठरावीक वाक्य. पन्नास वेगवेगळ्या आरोपींनी अक्षरशः तेच वाक्य उच्चारलेलं पाहिलं की न्यायाधीशांना शंका येते, आणि यावी. आरोपी जसं बोलला तसं लिहा, असं मी किती वेळा सांगितलं असेल!

यावरून जबाबाच्या भाषेकडे येतो. माझ्या मते सामान्य माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. माणूस ठाण्यात बोलतो एक आणि कागदावर उतरतं दुसरं. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. लिहिणाऱ्याच्या बोटांत एक साचा बसलेला असतो: "मी समक्ष पोलीस ठाणे येथे हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देतो की…" आणि मग सदर इसम, नमूद वेळी, मजकूर ठिकाणी. एकदा एका बाईने मला सांगितलं, "त्यानं माझा हात धरून हिसडा दिला, बांगड्या फुटल्या." आमच्या लेखनिकाने लिहिलं, "सदर इसमाने फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." हिसडा गेला, फुटलेल्या बांगड्या गेल्या. दीड वर्षाने साक्षीत तिने बांगड्यांचा उल्लेख केला, तेव्हा बचावाच्या वकिलाने विचारलं, हे तुमच्या पोलीस जबाबात का नाही? आणि मग ते वाक्य नोंदवलं गेलं, जे महाराष्ट्रातल्या कुठल्याही फौजदारी न्यायालयात ऐकू येतं: "पोलीस जबाबात तसे का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." कारण ती सांगणार कशी? कारण आमच्या साच्यात होतं. आरोपी सुटला.

म्हणून तुमच्या भावाने जबाब टाइप झाल्यावर तो शब्दन् शब्द वाचावा. घाई केली तरी वाचावा. "मला वाटतं नऊ वाजले असतील" असं तो म्हणाला असेल आणि कागदावर "नक्की ९ वाजता" आलं असेल, तर तिथेच दुरुस्त करून घ्यावं. माहीत नसेल ते 'माहीत नाही' असंच राहू द्यावं. अंदाजाने पोकळी भरू नये. जबाबाच्या शेवटी "माझ्या सांगण्याप्रमाणे टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे" असं वाक्य असतं. ते वाक्य खरं व्हावं, एवढंच.

सहीचं विचारलंत. तपासात साक्षीदाराचा जो जबाब पोलीस घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये ते स्पष्ट आहे. पुष्कळ ठाण्यांत तरीही सही करायला सांगतात. भावाने तेव्हा शांतपणे म्हणावं, "साहेब, या जबाबावर सही लागत नाही असं मला सांगितलंय." वाद घालू नये. फिर्याद, नोटिशीची पोच, पंच म्हणून केलेला पंचनामा, अटकेचा मेमो यांवर सही असते आणि ती करण्यात वावगं काही नाही. कोऱ्या कागदावर मात्र कधीही नाही, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो. मोबाइल हवा असेल तर जप्ती पंचनामा करतील. नुसता टेबलावर ठेवून घेतला तर पोच मागावी.

प्रश्नांना उत्तर देण्याबद्दल: विचारलेलं खरं सांगणं हे साक्षीदाराचं कर्तव्य आहे, पण ज्या उत्तराने आपल्यावरच गुन्हा येऊ शकतो ते उत्तर द्यायला कायदा लावत नाही. त्याच संहितेच्या कलम १८० मध्ये हे आहे आणि त्याच्या मुळाशी राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणात त्याचा पाया भक्कम केला. 'तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे' हे वाक्य सिनेमात दिसतं ते अमेरिकेतलं. आपल्याकडे तसं वाक्य म्हणून दाखवायची पद्धत नाही, पण हक्क आपलाही आहे.

वकिलाने संशय वाढतो का? माझ्यापुरतं सांगतो: वाढत नाही, उलट मला सोयीचं व्हायचं. अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही, असं त्याच संहितेचं कलम ३८ आहे. साध्या साक्षीदाराला वकील न्यायची गरज सहसा पडत नाही. पण वकिलाचा नंबर खिशात असावा, आणि घरातलं एक शहाणं माणूस बाहेर बाकावर बसलेलं असावं. ते माणूस तुम्ही असा.

समजा अटकेपर्यंत गोष्ट गेली, तरी अंधारात राहायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेसाठी घातलेले नियम आता कायद्यातच आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसेल अशी पट्टी हवी, साक्षीदारासमोर मेमो हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, आणि २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायला हवं. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी लागू केलं. या निकालाचा मला मनापासून आनंद झाला. 'समजणाऱ्या भाषेत' हे शब्द फार वर्षं यायचे राहिले होते.

तुम्ही विचारलंत, पोलीस असं का बोलतात. अरे-तुरे, दरडावणं. त्यामागे बारा-चौदा तासांची ड्युटी आहे, बंदोबस्त आहे, वरिष्ठांकडून तेच ऐकून घेणं आहे. हे सगळं खरं आहे. पण त्याने ते क्षम्य ठरत नाही, आणि त्यात नुकसान आमचंच होतं. ज्याला आज 'ए, उठ तिथून' म्हटलं, तो उद्या त्याच्या गल्लीत भाड्याने आलेल्या संशयास्पद माणसाबद्दल सांगायला येत नाही. पोलिसांचं निम्मं काम लोकांनी आपणहून सांगितलेल्या गोष्टींवर चालतं.

भिवंडी हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि ठाण्यातले पोलीस नियमित एकत्र बसायचे. नळाचं पाणी, भांडणं, अफवा, जे असेल ते बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांमध्ये हवालदार आणि हातमागावरचा, यंत्रमागावरचा माणूस एकमेकांना नावाने ओळखायचे. अफवा आली की आधी फोन यायचा, मग दगड उचलायचा की नाही ते ठरायचं.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आठवली की आजही अस्वस्थ होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागायला आलेले लोक होते. अशा अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होत्या. अफवेच्या आधी पोलिसांचा शब्द पाड्यापर्यंत पोचायला हवा, तिथल्या बोलीत, पोलीस पाटलाच्या तोंडून. पत्रकार परिषदेतलं 'नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये' हे वाक्य बाजारच्या दिवशी भरलेल्या त्या पाड्यातल्या माणसापर्यंत जात नाही.

एक सावधगिरी तुमच्याच फोनच्या निमित्ताने सांगायला हवी. आज पोलिसांच्या नावाने बोलणारे भामटे पोलिसांपेक्षा जास्त कायदेशीर भाषा वापरतात. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे बोधचिन्ह, 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, पडताळणीसाठी पैसे भरा.' डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. खरा पोलीस तुम्हाला ठाण्यात बोलावतो, कॉलवर धरून ठेवत नाही, आणि पडताळणीसाठी कोणाच्याही खात्यात पैसे भरायला लावत नाही. तसा फोन आलाच तर कट करून १९३० वर कळवायचं. तुमच्या भावाला आलेला फोन मला खरा वाटतो, कारण तो त्रोटक होता आणि त्यात पैशाचा विषय नव्हता. तरी ठाण्यात फोन करून खात्री कराच.

निघताना भावाने ओळखपत्र आणि शक्य असेल तर त्या दिवसांच्या हजेरीचा पुरावा सोबत घ्यावा. ठाण्यात शिरताना आणि निघताना वेळ पाहून ठेवावी. ठाण्याची दारं, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या इथे सीसीटीव्ही हवेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, त्यामुळे वेळ माहीत असली की पुढे चित्रीकरण मागता येतं. वागणूक वाईट मिळाली तर तिथे आवाज चढवू नका. घरी येऊन तारीख, वेळ, अधिकाऱ्याचं नाव घालून पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. असे अर्ज वाचले जातात. मी स्वतः त्यांना खुलासे दिले आहेत.

भाऊ परत आला की त्याला जेवायला वाढा आणि त्याच रात्री त्याच्याकडून एका वहीत लिहून घ्या: काय विचारलं, त्याने काय सांगितलं, कागदावर काय आलं. दोन वर्षांनी साक्षीचं समन्स आलं तर ती वही आधी वाचायची.